दहापर्यंत मोजून

“मुलाखतीत पहिलं काम काय?” तात्यांनी विचारलं.

“नमस्कार करायचा,” मी म्हटलं.

“ते झालंच गं. त्याच्यानंतर?”

“खुर्चीत बसायचं.”

“सांगितल्याशिवाय बसायचं नाही. आणि बसल्यावर पहिलं काम म्हणजे जिथनं निघालो त्या कॉलेजाची यथास्थित नालस्ती करायची. लॅब नाही म्हणायचं, लायब्ररी नाही म्हणायचं, प्राध्यापक तासाला येत नाहीत म्हणायचं. त्याशिवाय नव्या कॉलेजाला आपण मोठे आहोत असं वाटत नाही.”

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, पाटबंधारे खात्यात कारकून. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच मुलाखत दिली होती आणि तिच्यात ते पास झाले होते. त्यामुळे मुलाखत या विषयावर आमच्या खोतांच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते ओट्यावर खुर्ची टाकून प्राचार्य झाले होते आणि मी गोठ्याच्या बाजूनं तिसऱ्यांदा “मे आय कम इन सर” म्हणत येत होते. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी मला परत पाठवलं होतं. पहिल्यांदा मी पदराशी, म्हणजे ओढणीशी, चाळा केला म्हणून आणि दुसऱ्यांदा चपला घालून आत आले म्हणून.

“चपला काढायच्या असतात का तिथं?” आईनं शेंगदाणे पाखडता पाखडता विचारलं.

“हा प्रश्न आहे खरा,” तात्या म्हणाले आणि विचारात पडले. शेवटी असं ठरलं, की दारात इतरांच्या चपला दिसल्या तर काढायच्या.

हे एकोणनव्वद सालच्या जून महिन्यातलं. कोरेघरच्या आमच्या तालुक्याच्या कॉलेजात माझी बीएस्सीची दोन वर्षं झाली होती. तिसऱ्या वर्षाला बॉटनी घेऊन जिल्ह्याच्या गावच्या मोठ्या कॉलेजात जायचं माझ्या मनानं घेतलं होतं. तिकडं बॉटनीला दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. बदलीसाठी अर्ज केला, तर मंगळवारी अकरा वाजता मुलाखतीला या, असं कार्ड आलं. आमच्या घरात आलेलं ते मुलाखतीचं दुसरं कार्ड. वडिलांनी ते देवाच्या फोटोमागं खोचून ठेवलं होतं.

मला का जायचं होतं, ते आधी सांगते, नाहीतर वाटेल शहराची हौस होती. ती थोडी होतीच, पण मुख्य भानगड मायक्रोस्कोपची होती.

आमच्या कॉलेजात मायक्रोस्कोप चार. त्यातल्या एकाचा आरसा फुटलेला, एकाच्या भिंगावर बुरशी, एकाचा स्क्रू फिरायचा पण नळी जागची हलायची नाही. राहिला एक, आणि आम्ही एकवीस जण. बॉटनी शिकवायला मगदूम सर. देवमाणूस. ते स्वतः स्लाइड लावायचे, नीट दिसेल अशी करून ठेवायचे आणि आम्हाला रांगेत उभं करायचे. एकेकानं पुढं जायचं, डोळा लावायचा. सर मोठ्यानं मोजायचे. एक, दोन, तीन. दहा म्हटलं की उठायचं आणि पुढच्यानं बसायचं. कुणावर अन्याय नको म्हणून ही पद्धत. प्राचार्यांचा पुतण्या आमच्या वर्गात होता, त्यालासुद्धा दहाच.

आता तुम्ही म्हणाल, दहा आकडे काय कमी आहेत? बसून बघा. उजवा डोळा लावला की डावा मिटायचा तर आधी उजवाच मिटतो. तिथं तीन जातात. मग आपल्याच पापण्यांचे केस दिसतात, त्यात सहापर्यंत जातो आपण. सात-आठला काहीतरी जांभळंसर हलायला लागतं आणि नऊला वाटतं, हेच ते, आता दिसणार, आणि सर म्हणतात दहा. दोन वर्षं मी वहीत आकृत्या काढल्या त्या सगळ्या पुस्तकात बघून. शेरा मात्र ‘उत्तम’.

मग वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी कांद्याच्या मुळाचं टोक दिलं. त्यात पेशी दुभंगताना दिसते. ती शोधायची आणि दाखवायची. मायक्रोस्कोप त्यांनी येताना बरोबर दोन आणले होते, बिचाऱ्यांना अनुभव असणार. मी बसले. मोजणारं कुणी नव्हतं आणि मला काही म्हणजे काही करता येईना. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा, हेसुद्धा माहीत नाही. मी तो खाली खाली नेत गेले आणि काच कडकन फुटली.

“मुली, तू याला कधी हात लावलायस का?” त्यांनी विचारलं. रागावून नाही, साधंच विचारलं. तेच जास्त लागलं.

पन्नासात सतरा पडले. घरी येऊन मी पोटभर रडले आणि ठरवलं, की इथं राहिले तर तिसऱ्या वर्षीही सतराच पडतील, मग एमएस्सीचं नाव काढायला नको. मला माझ्या डोळ्यांनी ती पेशी बघायची होती. एवढंच हवं होतं आणि ते जिल्ह्याच्या कॉलेजात होतं. तिथं म्हणे प्रत्येकाला एकेक मायक्रोस्कोप.

बदली हवी तर आपल्या कॉलेजचा ना हरकत दाखला लागतो. त्यासाठी मी ऑफिसात पोतदार अण्णांकडे गेले. अण्णा हेडक्लार्क. त्यांच्याकडे अर्जाचा नमुना तयारच असायचा, कार्बन लावून काढलेला.

“कारण काय लिहायचं?” अण्णांनी चष्म्यावरून बघत विचारलं. “आईची प्रकृती का वडिलांची?”

“दोघंही चांगली आहेत.”

“मग आईची लिही. वडिलांची लिहिली की प्राचार्य सर घरी भेटायला जातात.”

“खरं कारण लिहिलं तर?”

“खरं कारण लिहिलं, की सर त्याच्यावर खुलासा मागवतात. तो मगदूम सरांकडे जाणार, ते सुट्टीवर गेलेत. तोपर्यंत तुझी मुलाखत होऊन जाईल. संधिवात लिही. संधिवात बाहेरून दिसत नाही.”

मी संधिवात लिहिला. जिल्ह्याच्या गावी मावशी आहे, तिथं दवाखान्याची सोय आहे, आईला तिथं ठेवून मी शिकणार, असं सगळं त्या नमुन्यात आपोआप होतंच. दोन दिवसांत प्राचार्यांची सही होऊन आली. प्राचार्य गुरव सरांना मी दोन वर्षांत समोरून फक्त झेंडावंदनाला पाहिलं होतं. त्यांच्या केबिनबाहेर लाल दिवा होता. दिवा लागलेला असला की आत जायचं नाही, हा नियम, आणि दिवा कायम लागलेलाच. आम्हाला वाटायचं, केवढं काम करतो हा माणूस.

आईला मी हा संधिवात सांगितला नाही. सांगितला असता, तर तिनं कॉलेजात येऊन पोतदार अण्णांसमोर उठाबशा काढून दाखवल्या असत्या. दोन म्हशींच्या धारा, भाकऱ्यांची चवड आणि वर शेतातली भांगलण, असं करून दुपारी “आज काय कामच नाही झालं” म्हणणारी बाई ती. मुलाखतीला बरोबर यायचंच, असा तिचा हट्ट.

“परक्या गावात एकटी जाणार व्हय?” ती म्हणाली. “आणि लाडू कोण देणार?”

“कुणाला लाडू?”

“तिथल्या सर लोकांना. मोकळ्या हातानं जायचं का?”

तात्यांनाही तो मुद्दा पटला. तर मंगळवारी सकाळी सहाच्या एसटीनं आम्ही निघालो. माझ्या हातात फाइल, आईच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा पितळी डबा घातलेली पिशवी.

कॉलेज बघून मी गारच झाले. दगडी इमारत, मुलाखती दुसऱ्या मजल्यावर. आई पिशवी घेऊन तरातरा दोन जिने चढली आणि वर जाऊन मलाच म्हणाली, “ये की लवकर, धापा काय टाकतीस?” वर बाकावर आठ-नऊ मुलंमुली फायली घेऊन बसलेली. सगळी बॉटनीच्या दोन जागांवर टपून आलेली आहेत, असं मी धरून चालले. एकानं तर टाय लावला होता. दारात चपला कुणाच्याच नव्हत्या, एवढा एक प्रश्न सुटला.

खाली खिडकीवर एक फॉर्म भरायचा राहिलाय, असं शिपायानं सांगितलं, म्हणून आईला बाकावर बसवून मी खाली गेले. तिथं रांग. परत येईपर्यंत अर्धा तास गेला. येते तर आई खुशीत.

“एक भला माणूस बसला होता इथं,” ती म्हणाली. “वयस्कर, आपल्याच बाजूचा. बोलण्यावरनं कळतंय की. मी विचारलं, पोराला घेऊन आलाय का? तर म्हणाला, तसंच समजा. त्याला दोन लाडू दिले. एक खाल्ला, एक रुमालात बांधून घेतला.”

“आई, ते सरांसाठी होते ना?”

“आहेत अजून वीस. चांगला होता बाई. सगळी चौकशी केली त्यानं. पोरगी का कॉलेज बदलतीया म्हणाला.”

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगायचंय? हाय ते सांगितलं. म्हटलं, एकच यंत्र आहे आणि दहापर्यंत मोजून पोरांना उठवत्यात.”

असल्या गप्पा आई एसटीतसुद्धा मारायची, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मी मनात तात्यांचं भाषण घोकत होते. लॅब नाही, लायब्ररी नाही, प्राध्यापक तासाला येत नाहीत. तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं, “खोत हेमलता.”

मी आत गेले. लांब टेबलामागं तिघं बसले होते. मधे त्या कॉलेजचे प्राचार्य कानिटकर, डाव्या बाजूला बॉटनीच्या प्रमुख असलेल्या एक बाई, आणि उजव्या बाजूला आमचे गुरव सर. कोरेघरचे. आमचे स्वतःचे. समोर माझ्या अर्जाची फाइल उघडी आणि हातात एक रुमाल. त्या रुमालाला मी ओळखायचं कारण नव्हतं, पण त्याच्या कोपऱ्यातून शेंगदाण्याचा लाडू डोकावत होता.

“ये, हेमलता,” गुरव सर म्हणाले. “बस.”

मी बसले. खुर्ची होती म्हणून बसले, नाहीतर तशीही बसलेच असते.

“गुरव सर आमच्या समितीवर बाहेरचे सदस्य आहेत,” कानिटकर सर म्हणाले. “तुमच्याच कॉलेजचे प्राचार्य, तेव्हा घाबरायचं कारण नाही.” आणि मग तोच प्रश्न. “तुम्हाला कॉलेज का बदलायचंय?”

माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक तात्यांनी शिकवलेलं, ते ज्यांची नालस्ती करायची त्यांच्यासमोर द्यायचं होतं. दुसरं संधिवाताचं, तो बाहेर बाकावर पाय हलवत बसला होता.

“अर्जात आईची प्रकृती असं लिहिलंय,” बॉटनीच्या बाई ती फाइल पुढं ओढून चाळत म्हणाल्या. “संधिवात.”

“हो,” मी म्हटलं.

“मी आत्ताच भेटलो त्यांना,” गुरव सर म्हणाले. “पहाटे दोन म्हशींच्या धारा काढून आल्यात. लाडू चांगले करतात.”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. कानिटकर सर खिडकीबाहेर बघायला लागले.

“यंदा माझ्या कॉलेजातल्या सात आया आजारी पडल्यात,” गुरव सर पुढं म्हणाले, “आणि सातही जणींना एकदम संधिवात. मला काळजी वाटायला लागली होती. तर हेमलता, संधिवात आपण बाजूला ठेवू. दाखल्यावर सही माझी आहे आणि वाटलं तर मी ती परत घेऊ शकतो. आता खरं कारण सांग.”

झालं, म्हटलं. जागा तर गेलीच, वर खोटं बोलले म्हणून परत कोरेघरलाही तोंड दाखवायची सोय उरली नाही. आणि गंमत बघा, सगळं गेलं असं एकदा वाटलं ना, की माणसाची भीड जाते. मला एकदम रागच आला. दोन वर्षांचा साचलेला.

“सर, दहा आकड्यांत पेशी दिसत नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

मग मी सांगत सुटले. तीनपर्यंत डोळा मिटण्यात जातो, सहापर्यंत पापण्यांचे केस दिसतात, नऊला काहीतरी दिसायला लागतं आणि दहाला उठावं लागतं. आकृत्या पुस्तकातल्या काढतो आणि ‘उत्तम’ मिळवतो. परीक्षेला काच फोडली. सतरा पडले. दोन वर्षं बॉटनी शिकून मी एकही पेशी बघितलेली नाही, आणि माझ्या वर्गातल्या वीस जणांनीही नाही, फक्त ते बोलत नाहीत.

गुरव सरांनी खिशातून छोटी डायरी काढली. “मगदूम फार भराभर मोजतात का?”

“नाही सर. ते फार चांगले आहेत. मला तर एकदा पंधरापर्यंत मोजलं होतं.”

“का?”

“मी रडले होते.”

सरांनी तेही लिहिलं. “मायक्रोस्कोप किती?”

“चार. तीन बंद.” कुठल्याचं काय बिघडलंय, ते मी तोंडपाठ सांगितलं. आरसा, बुरशी, स्क्रू. ते एकेक लिहीत गेले.

“माझ्या रजिस्टरला चार चालू आहेत,” ते म्हणाले. “हे दोन वर्षांत मला येऊन का नाही सांगितलंस? मी काय खाणार होतो तुला?”

“तुमच्या केबिनबाहेर लाल दिवा असतो, सर. नेहमीच.”

सरांनी पेन खाली ठेवलं.

“तो बिघडलाय,” ते म्हणाले. “बंदच होत नाही. दोन वर्षं झाली असतील. मी आपला म्हणतोय, आपल्याकडे कुणीच कसं येत नाही.”

आता मात्र बाई उघड हसल्या. कानिटकर सरही हसले. गुरव सर नाही हसले. त्यांनी डायरीत आणखी काहीतरी लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली आणि ती मिटून खिशात ठेवली.

“माझं झालं,” ते कानिटकर सरांना म्हणाले. “मुलगी चांगली आहे. घ्या तुम्ही.”

मी बाहेर आले. आई काही विचारणार, तेवढ्यात चहाची सुट्टी झाली म्हणून तिघंही बाहेर आले. गुरव सरांना बघून आईचा चेहरा फुलला.

“अहो, कसा होता लाडू?” तिनं भरल्या व्हरांड्यात विचारलं.

“फार चांगला होता, वहिनी,” सर म्हणाले. “गुडघे सांभाळा.”

“माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीया?” आई म्हणाली. सर मान हलवत जिना उतरून गेले. ती माझ्याकडे वळली. “असं का म्हणाला गं तो?”

आठवड्यात प्रवेशाचं पत्र आलं. मी त्या कॉलेजात गेले आणि पहिल्याच आठवड्यात ती पेशी पाहिली, पाऊण तास मायक्रोस्कोपला चिकटून बसून. इतकी सुंदर होती म्हणून सांगू. मधोमध दोऱ्यांसारखी गुणसूत्रं आणि ती दोन बाजूंना ओढली जात असलेली. मग बीएस्सी झाली, एमएस्सी झाली, एका कॉलेजात नोकरी लागली. दरवर्षी जूनमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, “मॅडम, ट्रान्सफरला मुलाखतीचं काही असतं का हो? का नुसती नाटकं?” मी छाती काढून सांगायचे, “सगळं मुलाखतीवरच असतं. खरं बोला, घेतात.” आणि माझी गोष्ट सांगायचे, लाडवासकट. तात्यांच्या तोंडी हीच गोष्ट त्यांच्या तालमीची झाली होती. त्यांनी मग भावकीतल्या सगळ्या पोरांच्या मुलाखती ओट्यावर घेतल्या.

त्या मुलाखतीला अशी पंधरा वर्षं होत आली आणि एप्रिलमध्ये मला विद्यापीठाचं पत्र आलं. बॉटनीच्या प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक म्हणून जायचं, कॉलेज कोरेघर. मी जाताना पिशवीत दोन मायक्रोस्कोप घातले. अनुभव.

परीक्षा दुपारची होती. मी आधी ऑफिसात डोकावले, तर पोतदार अण्णा त्याच टेबलावर. केस पांढरे झालेले, निवृत्तीला दोन महिने राहिलेले. त्यांनी मला ओळखलं.

“संधिवात ना?” ते म्हणाले.

चहा आला. मी जुन्या आठवणी काढल्या आणि ओघात म्हटलं, “अण्णा, त्या दिवशी मी मुलाखतीत खरं बोलले म्हणून मला जागा मिळाली.”

अण्णांनी कप खाली ठेवला. “कशाची मुलाखत, बाई? जागा दोन होत्या आणि बॉटनीला अर्जच दोन होते. बाकी पोरं केमिस्ट्री-फिजिक्सची. त्यांच्या हेडक्लार्कनं मला आदल्या दिवशी सोमवारीच फोन केला होता. खोत आणि दुसरा तो कोण, दोघांची नावं यादीत टाइप झालीत, मूळ कागद पाठवा म्हणून. तुम्ही आत जाऊन गप्प बसला असतात तरी चाललं असतं.”

इतकी वर्षं मी ज्याच्यावर भाषणं ठोकत होते, त्याचा असा निकाल लागला होता.

“मग गुरव सर सही परत घेतो म्हणाले, ते?”

“दम दिला असेल. त्यांनाही यादी माहीत होती की. सर दरवर्षी ते काम मागून घ्यायचे. बाहेरचा सदस्य म्हणून मलाच पाठवा, असं विद्यापीठाला पत्र लिहायचे. मीच टाइप करायचो. मी एकदा विचारलं, सर, कशाला एवढा एसटीचा त्रास? तर म्हणाले, पोतदार, आपली पोरं इथं तोंड उघडत नाहीत, सगळ्यांच्या आया आजारी पडतात. सोडून का जातात, ते कळायला तिथं जाऊन बसायला लागतं.”

अण्णा उठले, कपाट उघडलं आणि बराच वेळ धुंडाळून एक पिवळी पडलेली फाइल काढली. “हे बघा, त्याच वर्षीचं. मंगळवारी ते तिकडनं आले आणि बुधवारी मला बसवून हा प्रस्ताव टाइप करून घेतला. लॅबच्या साहित्यासाठी. आधी दोनदा नामंजूर होऊन आला होता, कारण रजिस्टरला चार चालू. या वेळी सरांनी वर पहिलीच ओळ अशी घातली. मी म्हटलं, सर, असं सरकारी कागदात लिहीत नाहीत. म्हणाले, लिही.”

मी वाचलं. विषय, संदर्भ, महोदय, आणि त्याच्याखाली: ‘आमच्या महाविद्यालयाच्या एका विद्यार्थिनीने सांगितल्याप्रमाणे, दहा आकड्यांत पेशी दिसत नाही.’

अण्णांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी उठून व्हरांड्यात गेले. प्राचार्यांच्या केबिनवरचा लाल दिवा नव्हता. तिथं भिंतीला एक भोक आणि दोन वायरी तेवढ्या राहिल्या होत्या.

“सर असतात कुठं आता?” मी आत येऊन विचारलं.

“गावी. ऐकू जरा कमी येतं, बाकी ठणठणीत. गेलात तर ओळखतील तुम्हाला.”

मी तिथूनच आईला फोन केला. म्हटलं, रविवारी गुरव सरांकडे जायचंय, शेंगदाण्याचे लाडू कर. ती म्हणाली, “अगं, गुडघे लई दुखत्यात बघ हल्ली. उभं राहवत नाही.” मग म्हणाली, “बसून करते. किती करू?”

दोन वाजता लॅबमध्ये गेले. माझ्या पिशवीतले मायक्रोस्कोप पिशवीतच राहिले. खिडकीच्या कडेनं बारा मांडलेले होते, जुने झालेले, पण पुसून लखलखीत केलेले. कांद्याच्या मुळाचं टोक मी मुद्दाम दिलं. एकेक जण शोधून दाखवत गेला. शेवटची एक मुलगी राहिली. दोन वेण्या, बारीक चण. ती डोळा लावून बसली होती आणि काही केल्या उठेना. स्क्रू हळूच इकडं, हळूच तिकडं. बाहेर एसटीची वेळ होत आली होती.

“बाई, उठवू का तिला?” लॅबच्या मदतनिसानं विचारलं. “लई वेळ घेतला.”

“राहू द्या,” मी म्हटलं. “बघू दे तिला.”

मग माझ्या लक्षात आलं, की मी मनातल्या मनात मोजत होते. दहा कधीच होऊन गेले होते. वीस झाले, चाळीस झाले. ती मुलगी श्वास धरून बसली होती आणि मीसुद्धा. शहात्तरला तिनं मान वर केली.

“दिसली, बाई,” ती म्हणाली.

मी तिच्या जागेवर बसले आणि डोळा लावला. दिसत होती.